जांभई शिकवणाऱ्या मीनाताई

मीना म्हात्रे यांच्या कुत्र्यांच्या वर्गात पहिल्या रविवारी कुत्र्याला काहीही शिकवत नाहीत. माणसाला चटईवर बसवतात. चांगलं तासभर! बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, कुत्र्याच्या नावाने "नो बेबी, नो नो" करायचं नाही. दोरी हातात धरायची आणि गप बसायचं. कुत्रा उड्या मारतो, भुंकतो, शेजारच्या लॅब्रॅडॉरशी ओळख काढायला ओढतो, मग कंटाळतो आणि एकदाचं बूड टेकतो. टेकलं की मीनाताई मागून येतात, त्याच्यापुढे चिमूटभर सुका जवळा, म्हणजे ती बारीक वाळलेली कोळंबी, टाकतात आणि पुढे जातात. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. आता पहाटेची झोप मोडून पाम बीच रोडवरच्या टॉवरमधून गाड्या घेऊन आलेल्या लोकांना हे कसं पचावं? एक गृहस्थ पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, बसायला तर मला घरीही येतं." मीनाताई म्हणाल्या, "कुठं येतं? दहा मिनटांत चार येळा उठलात तुमी. कुत्रा दोनदाच उठलाय."

बोनकोडे गावाच्या मागच्या मैदानात हा वर्ग भरतो. मीनाताईंचं सासर तिथलंच. सासऱ्यांची भातशेती होती, तिथे आता कोपरखैरण्याची सेक्टरं उभी आहेत. शिक्षण सातवी. जनावरांच्या एका दवाखान्यात चौदा वर्षं पिंजरे धुण्याचं काम केलं, आणि कुत्रा म्हणजे काय ते तिथेच कळलं. पायाचं ऑपरेशन झालेला एक डॉबरमन चार दिवस अन्नाला शिवेना. डॉक्टर जवळ गेले की दात विचकायचा. मीनाताईंनी दुपारी पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसल्या आणि आपला डबा उघडून जेवायला लागल्या. त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या खांद्यावरून नाक पुढे काढलं आणि भाकरी मागितली. डॉक्टरबाई चकित! "मीना, काय केलंस गं?" तर म्हणे, "जेवले."

त्यानंतर ज्या कुत्र्याला कोणी हात लावू शकत नाही तो मीनाताईंकडे, असा रिवाजच पडला. डॉक्टरबाईंनी इंग्रजी पुस्तकं आणून दुपारी वाचून दाखवली, मराठीत सांगितली. मीनाताई ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "ह्ये त्या सायबाला आत्ता कळलं?" सर्टिफिकेट मात्र नाही. कोणी विचारलंच तर त्या समोरच्या कुत्र्याकडे बोट करतात, "त्याला इचारा." एकाने काटेरी गळपट्टा आणला होता. मीनाताईंनी तो त्याच्याच मनगटाला बांधला, एक हिसका दिला आणि म्हणाल्या, "आता माझ्यावर प्रेम करा बगू." तो माणूस आजही दर रविवारी येतो, कापडी पट्टा घेऊन.

अशा या बाईपुढे जानेवारीतल्या एका रविवारी उलव्याचे सुभाषराव जगदाळे येऊन उभे राहिले. एका हातात तांबूस रंगाचा, काळ्या तोंडाचा गावठी कुत्रा, नाव भैरू. दुसऱ्या हातात वही. वही पाहूनच मीनाताईंच्या कपाळाला आठी पडली म्हणतात.

सुभाषरावांचीही बाजू ऐकली पाहिजे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात या माणसाने चौतीस वर्षं काढली. सकाळचा भोंगा वाजवणारे हेच. एक मिनिट उशीर नाही, एक मिनिट आधी नाही. लोक म्हणायचे, सूर्याला उगवायला उशीर होईल, जगदाळ्यांना नाही. रिटायर झाल्यावर कोपरखैरण्याचं जुनं घर विकून उलव्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. भैरूला मुलीने, ईश्वरीने, कॉलेजात असताना पावाच्या खोक्यातून घरी आणलं होतं. ती लग्न होऊन नाशिकला गेली आणि कुत्रा बापाच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला म्हणजे अक्षरशः पडला. सुभाषराव संडासात गेले तरी हा दाराबाहेर बसून राहायचा. रिटायर माणसाची घरात कोणी वाट बघत नसतं हो, म्हणून सुभाषरावांना त्याचं फार अप्रूप होतं.

पुढे उलव्याशेजारचा विमानतळ सुरू झाला आणि सातव्या मजल्यावरून विमानं जायला लागली. पहिलं विमान गेलं तेव्हा भैरू दचकून उठला आणि भुंकला. इतकंच. कुठल्याही शहाण्या कुत्र्याने भुंकावं तसा. पण सुभाषरावांच्या काळजात धस्स झालं. बिचारं जनावर! आणि जिथे काळजी असते तिथे हा माणूस वेळापत्रक करतो.

त्यांनी मोबाइलवर विमानांच्या वेळा दाखवणारं अॅप घेतलं आणि वहीत रेघा मारल्या. विमानाच्या बरोब्बर सात मिनिटं आधी कामाला सुरुवात. खिडक्या सरकवून बंद, खटका. पडदे ओढा. पंखा पाचवर, टीव्ही मोठा. भैरूच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मग त्याला घेऊन डायनिंग टेबलाखाली शिरायचं, अंगावर चादर ओढायची, त्याला छातीशी घट्ट धरायचं आणि कानात सांगायचं, "घाबरू नकोस हं भैरू. येतंय ते. जाईल. घाबरू नकोस." बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पण दिवसातून आठ-दहा वेळा टेबलाखाली. त्यांच्या पत्नी सुचित्राबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, निदान मला तरी पोहे द्यायला येऊ द्या तिकडे." तर टेबलाखालून "श्श्!"

आणि एवढं करून कुत्रा दिवसेंदिवस बिघडत चालला. आधी थरथरायचा, मग लाळ गाळायला लागला, मग पलंगाखाली शिरून बाहेरच येईना. एका दुपारी सुभाषरावांना बँकेतून यायला उशीर झाला, विमानाची वेळ झाली, म्हणून सुचित्राबाईंनी नवऱ्याच्या पद्धतीप्रमाणे धावतपळत सगळं केलं आणि भैरूला पलंगाखालून बाहेर ओढायला गेल्या. त्याने हाताचा कडाडून चावा घेतला. दात खोल गेले. इंजेक्शनं झाली, हात महिनाभर सुजलेला होता.

सुचित्राबाईंनी आरडाओरडा केला नाही. करणारी बाई नाही ती. इंजेक्शनांचा कोर्स संपला त्या दिवशी शांतपणे म्हणाल्या, "ईश्वरीला आठवा लागला की ती येणार. पहिलं बाळंतपण आहे, इथेच व्हायला हवं. माझा भैरूवर राग नाही. पण या घरात आठ दिवसांचं बाळ असेल आणि हा असा असेल, तर मला झोप लागायची नाही. दादाशी बोलले मी. फलटणला त्याच्या शेतावर राहील. मार्चच्या वीस तारखेला गाडी येईल."

शेतावर म्हणजे साखळीला. सुभाषरावांना माहीत होतं. बायकोचं म्हणणं चूक आहे असंही त्यांना म्हणता येईना, हीच तर पंचाईत. भैरू जाणार या विचाराने त्यांना जेवण जाईना. हातात नऊ आठवडे होते. कोणीतरी बोनकोड्याच्या बाईंचं नाव सांगितलं, आणि म्हणून ते वही घेऊन मैदानात आले होते.

मीनाताईंनी वही उघडली नाही. "ठेवा ती गाडीत. बसा चटईवर."

तीन रविवार सुभाषराव बसले. आणि गंमत बघा, मैदानात भैरू वर्गातला पहिला! दुसऱ्या रविवारी चटई दिसली की आपणहून बसायला लागला. तिसऱ्या रविवारी शेजारून मोटारसायकल फटफटत गेली, बाकीचे सगळे उसळले, हा जांभई देऊन पडून राहिला. घरी मात्र तीच लाळ, तोच पलंग. तिसऱ्या रविवारी वर्ग संपल्यावर सुभाषरावांचा तोल गेला.

"मीनाताई, इथे चटईवर बसून काय उपयोग? इथे विमान कुठंय? माझा कुत्रा तिथे घाबरतोय आणि तुम्ही त्याला इथे बसवताय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली गत!"

दुसरी कोणी असती तर फणकारली असती. मीनाताईंनी जवळ्याच्या पिशवीचं तोंड बांधलं. "बरोबर बोलताव काका. कुत्र्यात काय खोट नाय. घर बगाय पायजे. बुधवारी येते."

बुधवारी त्या आल्या. पायातल्या चपला काढल्या आणि सोफ्यावर नाही, सरळ फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. सुचित्राबाईंनी चहा दिला. भैरू येऊन त्यांची पिशवी हुंगून गेला. सुचित्राबाई देशावरच्या, सुक्या मासळीचा वास म्हणजे त्यांच्या डोक्यात जायचा, पण त्यांनी पदर नाकाला लावला आणि निभावून नेलं.

"काका," मीनाताई म्हणाल्या, "रोज करताव तसंच करा. मी हाय ते इसरून जा."

सुभाषरावांना हुरूपच आला. अकरा वीसचं विमान होतं. अकरा तेराला उठले. खिडकी, खटका. दुसरी खिडकी, खटका. पडदे. पंखा. सगळं कसं घड्याळासारखं! कापसाचे बोळे, चादर, टेबल. "घाबरू नकोस हं भैरू." विमान आलं, गेलं. सुभाषराव घामाघूम होऊन टेबलाखालून बाहेर आले. कुत्रा पलंगाखाली. "बघितलंत?" ते म्हणाले.

"बगितलं," मीनाताई म्हणाल्या. त्यांनी एकदाही खिडकीकडे पाहिलं नव्हतं. सगळा वेळ त्या फक्त भैरूकडे बघत होत्या. "पुढचं कवा हाय?"

"अकरा पन्नासला."

"मग तुमी खाली जाऊन दूध घेऊन या."

"दूध आहे घरात."

"मग काय नका आनू. पन खाली जा."

सुभाषराव अडून बसले. मी नसलो तर त्याचं काय होईल, कापूस कोण घालील, मागच्या वेळी मी नव्हतो तर काय झालं ते सुचित्राच्या हाताला विचारा! मीनाताईंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या. आता वयाने लहान असलेली बाई आपल्या चपला उचलते म्हटल्यावर कोण उभा राहणार? गेले बापडे.

सोसायटीच्या गेटपाशी ते उभे राहिले. अकरा त्रेचाळीस झाले आणि हात शिवशिवायला लागले. मान वर करून पाहिलं, तर सातव्या मजल्यावरच्या खिडक्या सताड उघड्या! पडदे वाऱ्यावर उडतायत! त्यांनी वॉचमनच्या खुर्चीचा हात घट्ट धरला. विमान आलं, डोक्यावरून घरघरत गेलं. त्यांनी घरी फोन लावला.

सुचित्राबाई म्हणाल्या, "गेलं."

"भैरू?"

"उठला. दाराकडे बघितलं, तुम्हाला शोधलं असेल. मग परत येऊन आडवा झाला."

"थरथरतोय का?"

"नाही हो. मीनाताईंच्या पायाशी पडलाय. पोळी खाल्ली त्याने."

आता या माणसाने आनंदाने उडी मारायला नको का? सुभाषराव जिना चढत गेले, लिफ्टचं भानच राहिलं नाही. दार उघडलं, भैरू शेपूट हलवत आला. "खरंच बरा आहेस रे?" म्हणत त्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा वाजून एक मिनिट. पुढचं बारा आठला. खिडकीला त्यांनी हातही लावला नव्हता. नुसती नजर घड्याळावरून खिडकीकडे गेली. आणि भैरूचं शेपूट खाली आलं, मागचे पाय थरथरायला लागले, आणि तो त्यांच्याकडे बघत बघत मागे सरकत पलंगाखाली गेला.

सुभाषराव मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मीच?"

"हां," मीनाताई म्हणाल्या. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांच्या स्वभावात नाही. "त्याला इमानाची भीती नाय काका. पयल्या दिवशी दचकला आसंल, दोन-चार दिवसांत इसरला आसता. पन खटका वाजला की तुमचं तोंड उतरतं, छाती धडधडते, तुमी त्याला घेऊन लपता. कुत्र्याला वाटलं, आपला म्हातारा येवढा घाबरतो, म्हंजे नक्की कायतरी मोठं येतंय."

सुभाषरावांचा चेहरा काळवंडला. चार महिने गुडघे घासले, ते याच्यासाठी? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! त्यांना राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले. "मग त्याला कशाला फलटणला पाठवता?" ते बायकोला म्हणाले. "मलाच पाठवा. मी राहतो साखळीला."

सुचित्राबाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. मीनाताई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, सुभाषरावांच्या समोर येऊन उकिडव्या बसल्या, कुत्र्यापुढे बसतात तशा, थोड्या तिरक्या, डोळ्याला डोळा न देता. "काका, आईका. त्याच्या कानाला इमान ऐकू येतं, पन तो कानाचं आईकत नाय. तुमचं आईकतो. सोताच्या कानापेक्षा तुमच्यावर त्याचा इश्वास जास्त. येवढा जीव लावनारी जनावरं चौदा वरसांत मी चारच बगितलीत. याच्यावर औषद सोपं हाय. तुमची भीती गेली, की त्याची गेली."

"आणि माझी कशी जाणार?"

"ती मी शिकवते ना."

आणि मग सुरू झालं सुभाषरावांचं ट्रेनिंग. बुधवार आणि रविवार, मीनाताई येत, आणि भैरूकडे बघतही नसत. पहिलं, अॅप काढून टाकलं. वही सुचित्राबाईंच्या ताब्यात गेली. घड्याळ मीनाताईंनी मागितलं नाही, नुसतं मनगटाकडे पाहिलं. सुभाषरावांनी ते काढून कपाटात ठेवलं, आणि दोन दिवस त्यांना कपडे न घालता बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. दुसरं, खिडक्या दिवसातून पंचवीस वेळा उघडायच्या आणि लावायच्या, उगाच, कसलंही कारण नसताना. खटका वाजला आणि काही आलंच नाही, असं भैरूला कळायला हवं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की जगदाळे काकांची तब्येत बरी आहे ना.

तिसरं सगळ्यात कठीण. विमानाचा आवाज आला की सुभाषरावांनी जांभई द्यायची.

"जांभई?"

"कुत्री एकमेकांना अशीच सांगतात, की काय नाय रे, पड निवांत. तुमी पन सांगा."

चौतीस वर्षं कामाच्या वेळेत ज्याने कोणाला डुलकी काढू दिली नाही, त्याला आता घरात ऑन ड्यूटी जांभया द्यायच्या होत्या! सुभाषरावांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. घरघर ऐकू आली की आ वासायचे. जबडा दुखायला लागला. भैरू त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघायचा आणि पलंगाखाली जायचा. मीनाताई म्हणाल्या, "कुत्र्याला नाटक कळतं काका. खरी येऊ द्या."

"खरी आणू कुठून? छातीत धडधडतंय माझ्या!"

"मंग हात रिकामे नका ठेवू."

त्यांनी सुचित्राबाईंकडून पाखडायच्या सुपात लसणाचे गड्डे मागून घेतले आणि ते सूप सुभाषरावांच्या मांडीवर ठेवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, या गृहस्थांनी लसणाची पाकळी सोलली नव्हती. नखं दुखली, डोळे चुरचुरले. बाल्कनीच्या दारात फरशीवर बसायचं, लसूण सोलायचा, विमान आलं तर येऊ द्यायचं, भैरू जवळ आला तर न बघता जवळ्याची चिमूट टाकायची, नाही आला तर नाही. हाक मारायची नाही. समजूत घालायची नाही. तेच जड जायचं. पलंगाखालून त्या कुत्र्याचे दोन डोळे दिसायचे आणि "घाबरू नकोस रे" हे शब्द घशापर्यंत यायचे. एकदा तर बाहेर पडलेच. मीनाताई म्हणाल्या, "हे तुमी कुनाला सांगताव? त्याला का सोताला?" तो प्रश्न त्यांना फार लागला, आठवडाभर डोक्यात फिरत राहिला.

लसूण संपला तशा शेंगा आल्या, शेंगा संपल्या तशी मेथी. सुचित्राबाईंची चैन झाली! पण त्याही बदलल्या. पहिले पंधरा दिवस त्या भैरू बाहेर असला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. मीनाताईंनी त्यांना एकदाही म्हटलं नाही की घाबरू नका. उलट म्हणाल्या, "काकी, तुमाला चावलाय तो. भीती वाटनारच. तुमी पन त्याला वडून काडू नका, तो पन तुमच्या अंगावर येनार नाय. आन् बाळ आल्यावर कितीबी शाना कुत्रा आसूदे, दोगांना एकटं ठेवायचं नाय. म्हंजे नाय." आपली भीती कोणीतरी खरी मानली, याचंच सुचित्राबाईंना बरं वाटलं. पुढे त्या स्वतःच, पदर नाकाला लावून, जवळ्याची चिमूट टाकायला लागल्या.

मार्च उजाडला. भैरू पलंगाखाली जायचा थांबला होता, पण आवाज आला की उठून उभा राहायचा आणि सुभाषरावांच्या तोंडाकडे बघायचा. ईश्वरी यायला आठ दिवस होते. दुपारची जेवणं झाली होती. सुभाषराव मेथी निवडत भिंतीला टेकले होते. उन्हाची तिरीप, पोटात आमटीभात. कधी डोळा लागला ते त्यांना कळलं नाही. जाग आली तेव्हा मांडीवर मेथी सांडलेली, आणि त्यांच्या पोटरीला पाठ लावून भैरू चारी पाय सोडून झोपलेला. समोर सुचित्राबाई उभ्या होत्या, तोंडावर हात धरून.

"किती वाजले? अडीचचं यायचंय का?"

"दोन विमानं गेली," सुचित्राबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही घोरत होतात. तो एकदा डोकं वर करून तुमच्याकडे बघून परत झोपला."

सुभाषरावांनी फोन करून मीनाताईंना सांगितलं. पलीकडून त्या एवढं मोठ्याने हसल्या की भैरूने कान टवकारले. "घोरनं तर मी शिकवलंच नवतं! शाबास काका, पुडं गेलात तुमी." वर्गात कोणाला शाबासकी न देणारी बाई ती, सुभाषरावांना मेडल मिळाल्यासारखं झालं.

अठरा मार्चला ईश्वरी आली. जावयाने गाडीतून सोडलं आणि तो चहा घेऊन परत गेला. ती सोफ्यावर टेकली, पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. भैरूने तिला लांबूनच हुंगलं, शेपटीचा पंखा केला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसला. सुचित्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातावरची चाव्याची खूण अजून जांभळट होती. फलटणची गाडी परवा यायची होती. अजून कोणी नको म्हणून कळवलं नव्हतं, कारण सुचित्राबाईंना आजचं बघायचं होतं. सुभाषरावांना ते माहीत होतं. ते लसूण घेऊन बसले, पण बोटं चालेनात. आज छाती खरीच धडधडत होती.

लांबून घरघर सुरू झाली. भैरू उठला. त्याने सुभाषरावांकडे पाहिलं, आणि सुभाषरावांना कळून चुकलं की आज आपल्या तोंडावर भीती आहे आणि ती लपवून लपायची नाही. जांभई येईना. पाकळी हातातून घरंगळली. मग त्यांनी लपवणंच सोडून दिलं. जागचे हलले नाहीत, खिडकीकडे गेले नाहीत, कुत्र्याला कवटाळलं नाही. "आज मला भीती वाटतेय बाबा," ते नुसतं म्हणाले, आणि बसून राहिले. आवाज वाढत गेला. भैरू दोन पावलं आला, त्यांच्या पायांवर येऊन बसला, सगळं वजन टाकून, आणि त्याने जबडा ताणून लांबलचक जांभई दिली. विमान गेलं. दोघे तसेच बसून होते. थरथरत कोणीच नव्हतं.

सुचित्राबाईंनी डोळे पुसले आणि फोन उचलला. "दादाला सांगते, गाडी पाठवू नकोस म्हणून."

ईश्वरी बापाकडे टक लावून बघत होती. "बाबा, या मीनाताई माझ्या दहावीच्या वेळी कुठे होत्या हो?" ती हसत म्हणाली, पण हसता हसता तिचा आवाज चिरकला. "आठवतं? पेपरच्या दिवशी पहाटे चारपासून तुम्ही घड्याळ घेऊन माझ्या टेबलापाशी. ग्लुकोजचं पाणी. 'घाबरू नकोस हं ईश्वरी, घाबरू नकोस.' तीन पेपरांना मी उलट्या करून गेले. मला अभ्यासाची भीती नव्हती, बाबा. तुमच्या चेहऱ्याची वाटायची."

सुभाषराव ती गोष्ट वीस जणांना सांगत आले होते, बाप कसा असावा याचं उदाहरण म्हणून. आता त्यांनी खाली घरंगळलेली पाकळी उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, "चुकलं गं माझं. मला वाटायचं ती माया आहे."

"मायाच होती," ईश्वरी म्हणाली. "पण मी आईला सांगून ठेवलं होतं, हॉस्पिटलात बाबांना आणू नकोस म्हणून. कळा सुरू झाल्यावर तुम्ही समोर नको होतात मला."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सुचित्राबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. भैरूला नेणारी गाडी थांबवायला सुभाषराव नऊ आठवडे झटले होते, आणि पोरीने दार त्यांच्याही तोंडावर लावून ठेवलं होतं, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. ईश्वरीने हात पुढे करून त्यांचा लसणाच्या वासाचा हात धरला.

"आता या," ती म्हणाली. "काही करू नका, काही बोलू नका. नुसते माझ्याजवळ बसा. तुम्हाला जमतंय आता."

कुठलं हॉस्पिटल, किती वाजता निघायचं, कोणत्या रस्त्याने, हे सगळं विचारायला सुभाषरावांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं. "बसतो," ते म्हणाले.